शामटेने नारळ फोडला

नारळातलं ज्ञान पेम्बा बेटावरच्या अख्ख्या वेते गावात कुणाला असेल तर ते शामटेला, आणि हे वेतेला शामटेनेच सांगून ठेवलं होतं. उभी हयात त्याने नारळाचा धंदा केला. गलबतं भरभरून नारळ समुद्रापलीकडे टांगाच्या बंदरात पाठवले. नारळ कानाशी हलवून तो झाडाचं वय सांगायचा, आणि झाड काही खोटं म्हणायला येत नसे. आता धंदा टांगाला राहणाऱ्या जावयाच्या, रिझिकीच्या नवऱ्याच्या, गळ्यात घालून तो रोज सकाळी घराबाहेरच्या ओट्यावर बसायचा. सोबतीला तिघे दोस्त: जुना नाखवा मकामे, टोप्यांवर भरतकाम करणारा उस्सी आणि लवंगांचा दलाल फकी. कॉफीच्या चिमुकल्या पेल्यांवर हे चौघे जगाची घडी बसवत. जग काही बसत नव्हतं, पण ह्यांना घाई नव्हती.

दुपार व्हायच्या आत दार किलकिलं व्हायचं आणि शामटेची बायको, बी झुवेना, एक निळा एनॅमलचा पेला त्याच्या हातात ठेवायची. स्वयंपाकासाठी फोडलेल्या नारळाचं पाणी. शामटे ते सगळ्यांदेखत घटाघटा प्यायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "माल माझा!" बाकीचे तिघे त्या वेळी समुद्राकडे बघत. का बघत, हे शामटेने कधी विचारलं नाही. न विचारण्यात तो पहिल्यापासून तरबेज होता.

घोळ झाला तो टांगाहून आलेल्या पाहुण्यांपुढे. जुनी गिऱ्हाइकं, त्यामुळे घरी जेवण, आणि तिघे दोस्तही पंक्तीला. नारळाच्या दुधातला भात, वर माशाचं कालवण. पाहुणे बोटं चाटत म्हणाले, "वहिनींच्या हाताला चव आहे हो!"

आता इथे नुसतं हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण शामटेला आपलं कौतुक दुसऱ्याच्या खात्यात गेलेलं सहन होत नाही.

"हाताचं काय त्यात?" तो म्हणाला. "नारळ माझा. खवते ती खवणी. शिजवते ती चूल. बाई आपली नुसती बसलेली असते."

पाहुणे हसले. पडद्याआड ताटल्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. फकीने भातातला खडा शोधल्यासारखं केलं. त्या घरच्या भातात खडा निघाल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुवेना काळा बुरखा घालून, गाठोडं काखेत मारून दारात उभी.

"कुठे निघालीस, रिझिकीची आई?"

"कोंडेला. बहिणीकडे."

"का? तिला काही झालं?"

"तिला काय धाड भरलीय? माझे पाय आखडलेत, नुसतं बसून बसून. जरा मोकळे करून येते." जाता जाता ती वळली. "खवणी आहे, चूल आहे. आणि रिझिकीचे बाबा, नारळ तर तुमचेच."

शामटेने ओट्यावर सांगितलं की मेहुणीची तब्येत बरी नाही. तिघांनी मेहुणीसाठी दुवा मागितली. पहिल्या दिवशी आसपासच्या घरांतून झाकलेली ताटं आली. एकटा पुरुष, बिचारा! मग विहिरीवर बायकांची बोलणी झाली, कोंडेला फोन गेले, आणि ताटं यायची बंद झाली. शेजारणी आता त्याला गोड हसून सलाम करत आणि आपापल्या दारातून आत जात. आतून भाताचा वास मात्र बाहेर येई. वासाला कोण अडवणार?

शामटेने पाव खाल्ला. उकडलेला कसाव्याचा कंद खाल्ला. पुन्हा पाव खाल्ला. खरं सांगायचं तर त्याला भातापेक्षा झुवेना हवी होती. घर रिकामं झालं होतं, आणि सकाळी उठल्यावर कुणावर खेकसावं हेही त्याला कळत नव्हतं. डालाडाला, म्हणजे तिथली वडापची गाडी, पकडून कोंडेला जायचं, "चुकलं माझं" म्हणायचं आणि तिला घेऊन यायचं, एवढं सोपं काम. पण घोडं पेंड खात होतं ते त्या दोन शब्दांपाशी. ते शब्द तोंडातून काढण्यापेक्षा शामटेने उरलेलं आयुष्य कसाव्यावर काढलं असतं.

म्हणून त्याने बेत केला, आणि बेत त्याला फारच हुशारीचा वाटला. स्वतः भात करायचा. डबा भरून डालाडालावाल्याच्या हाती कोंडेला पाठवायचा, आणि सोबत निरोप: सावकाश ये, इकडे सगळं झकास चाललंय. तो भात खाल्ला की बाई धावत परत येईल. का येईल, ह्याचा विचार त्याने पुढे केला नाही.

अडचण एकच होती. नारळाच्या बाबतीत पेम्बात कामाची वाटणी ठरलेली आहे. सोलणं पुरुषाचं. तिथे ताकद लागते, घाम येतो, आणि मुख्य म्हणजे चार लोक बघतात. फोडणं, खवणं, पिळणं, शिजवणं ही बाकीची किरकोळ कामं बायकांची. खवणीला तिथे बकरी म्हणतात, आणि बसायचंही तसंच, दोन्ही बाजूंना पाय टाकून. बकरीवर बसलेला पुरुष वेतेत कुणी पाहिला नव्हता. निदान पाहिल्याचं कुणी बोललं नव्हतं. त्यात घरं एकमेकांना खेटून. खवणीची खरखर चार भिंतींपलीकडे जाते, आणि ह्या घरात बाई नाही हे तर कोंबड्यांनासुद्धा ठाऊक.

तेव्हा शामटेने शुक्रवार दुपार निवडली. जुम्म्याच्या नमाजाला सगळे पुरुष मशिदीत. घरोघरी शुक्रवारचा भात, म्हणजे घरोघरी खरखर. त्या गलबल्यात एक खरखर जास्त झाली तर कुणाला पत्ता लागणार होता? नमाज चुकणार, ह्याची टोचणी त्याला लागली. पण अल्लाला सगळं कारण माहीत होतंच, आणि तो निदान ओट्यावर येऊन बोलणार नव्हता.

अजानची हाक झाली, गल्ली रिकामी झाली. शामटेने पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली, खिडक्या ओढल्या आणि मागच्या अंगणात नारळ घेऊन बसला. सोडण तर त्याने पहारीवर झटक्यात काढलं. तिथपर्यंत तो उस्तादच. मग त्याने नारळ जमिनीवर ठेवला, कोयता डोक्यावर नेला आणि हाणला. नारळ टुणकन उडून पाण्याच्या रांजणामागे गेला. दुसऱ्यांदा त्याने नारळ दोन पायांत धरला आणि मग पायांकडे बघून विचार बदलला. तिसऱ्यांदा सरळ दगडावर आपटला. नारळाच्या ठिकऱ्या झाल्या, पाणी मातीत गेलं, आणि कोंबड्यांनी त्या दुपारी चैन केली.

"ह्या नारळातच खोट होती," शामटे कोंबड्यांना म्हणाला.

दुसरा नारळ हातात घेतल्यावर त्याला जाणवलं की झुवेना नारळ कसा फोडते हे आपण कधी पाहिलेलंच नाही. आवाज तेवढा ओळखीचा होता. टक, टक, टक, थोडं थांबून, पुन्हा टक. ओट्यावर बसून रोज ऐकलेला. त्याने डोळे मिटले आणि त्या आवाजाच्या मागे मागे गेला. नारळ डाव्या तळव्यात, कोयत्याची बोथट बाजू उजव्या हातात, एक ठोका, जरा फिरव, एक ठोका, जरा फिरव. ठोके नारळाच्या कमरेभोवती फिरून आल्यावर तो आपण होऊन उकलला. दोन सरळ वाट्या. शामटेला इतका आनंद झाला की निम्मं पाणी लंगोटासारख्या खोचलेल्या लुंगीवर सांडलं. उरलेलं त्याने निळ्या पेल्यात धरलं आणि पेला खिडकीत ठेवला. पेला त्याचाच होता, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मग चुलीवर भात चढवून तो बकरीवर बसला. पहिल्या वाटीला बोटाचं पेर सोललं गेलं. त्याने बोटाला चिंधी बांधली, दातांवर दात धरून ती वाटी पार करवंटीपर्यंत खरवडली, पाणी घालून खोबरं पिळलं, आणि जे काही पांढुरकं, तपकिरी, जरासं लालसर निघालं ते उकळत्या भातात ओतलं. पाय आखडायला लागले होते. कंबर तर कधीच गेली होती. दाढीत खोबरं, कपाळावर घाम. दुसरी वाटी घेतली आणि खरखर पुन्हा सुरू झाली.

इकडे मशिदीत काय झालं हे त्याला मागाहून कळलं. दुसऱ्या रांगेत खांबाशेजारी शामटेची जागा. लग्न असो, ताप असो, वादळ असो, ती जागा शुक्रवारी कधी रिकामी राहिली नव्हती. आज राहिली. म्हातारा माणूस, घरात एकटा, बायको परगावी. वेतेच्या लोकांना दोनात दोन मिळवायला शिकवावं लागत नाही, आणि मिळवल्यावर पाच करायलाही. नमाज संपून लोक चपला शोधतात न शोधतात तोच कुणीतरी कुणाला तरी फोन केला, आणि कोंडेला बातमी पोचली ती अशी: शामटे गेला.

मकामे, उस्सी आणि फकी धावत घरी आले. दार आतून बंद. मकामेने फळीला कान लावला. आतून आवाज आला, खर्र... खर्र... थांबला, एक कण्हणं, पुन्हा खर्र...

"घरघर लागलीय!" मकामे ओरडला. "अजून जीव आहे! मागून चला!"

तिघेही मागच्या भिंतीवरून अंगणात उतरले. उतरले म्हणजे दोघे पडले आणि फकी त्यांच्यावर उतरला. आणि त्यांनी पाहिलं की मरणारा माणूस बकरीवर फतकल मारून बसलाय, हातात नारळाची वाटी आहे, आणि तोंड असं, की तो खरंच मेला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

 चुलीवर भात रटरटत होता.

शामटेने खवणीच्या पात्यावरून बोट फिरवलं. "मी... खवणीला धार आहे का बघत होतो."

"बघ, बघ," मकामे म्हणाला. त्याचे खांदे हलायला लागले होते. आता हा प्रसंग ओट्यावर वर्षभर पुरला असता. शामटेचं नाक कापलं गेल्यातच जमा होतं. पण तेवढ्यात उस्सी दोन पावलं पुढे आला, वाटीत डोकावला आणि चुकचुकला.

"अरे, तळापर्यंत नाही खरवडायचं! काळं येतं सगळं. कडेकडेने घे, मनगट वळव. असं."

आणि हवेत त्याने मनगट वळवून दाखवलं. सुरेख वळलं ते.

आता अंगणातले सगळे उस्सीकडे बघत होते.

"तुला काय माहीत?" मकामेने विचारलं.

"बायकोचं बघून..."

"बघून मनगट असं वळत नाही, उस्सी. हात बसल्याशिवाय नाही वळत."

"आणि हात बसलाय की नाही हे तुला कसं कळलं रे, नाखवा?"

मकामे चाचरला. "गलबतावर बायका नसतात. करावं लागायचं."

"गलबत विकून जमाना झाला," फकी म्हणाला. "परवा तुझ्या लुंगीवर खोबरं होतं. तू म्हणालास, कोंडा आहे."

"ए, तुझ्या घरचा रेडिओ रोज संध्याकाळी एवढा का बोंबलतो? सांग ना! सगळी गल्ली म्हणते, फकीला बहिरेपण आलं."

फकी चुलीकडे वळला. मग म्हणाला, "तिच्या बोटांत संधिवात आहे. वाटी धरवत नाही. लोकांना आवाज जाऊ नये म्हणून लावतो." त्याने भातात डोकावून पाहिलं. "शामटे, घट्ट दूध आधी घातलंस?"

"घातलं. का?"

"अरे गाढवा!" तिघे एका सुरात ओरडले. "घट्ट दूध शेवटी! आधी पातळ!"

आणि मग तिथे जे भांडण जुंपलं त्याला तोड नव्हती. फकी म्हणे, पातळ दूध दोनदा काढायचं. मकामे म्हणे, एकदाच, गरम पाण्यात. उस्सी झाकणावर निखारे ठेवायला लागला, तर मकामे म्हणे, आत्ता नको, फुटलेलं दूध करपेल. टोपी घालून जुम्म्याहून आलेले वेतेचे तीन मानकरी चुलीभोवती उकिडवे बसून हमरीतुमरीवर आले होते. ओट्यावर एवढी वर्षं राजकारणावर वाद झाले, पण इतक्या पोटतिडकीने आणि इतक्या माहितीने कधी झाले नव्हते.

शामटे बकरीवरून उठायचा प्रयत्न करत होता. पाय वळत नव्हते. "पाणी द्या रे कुणी," तो म्हणाला. "तो पेला द्या खिडकीतला."

फकीने पेला उचलला, पाहिलं आणि कधी नव्हे तो हसला. "घे बाबा. आज तरी तुझ्या हक्काचं आहे."

"आज तरी म्हणजे?"

"ज्याने खवलं त्याचं पाणी. अंग मोडून बसतो त्याला तेवढीच थंडाई. घरोघरी रीत आहे. माझी बायको तर मला पेलाभर दिल्याशिवाय राहत नाही."

"माझ्या घरी तर..."

"तुझ्या घरी तू पितोस," उस्सी म्हणाला. "आम्ही समुद्राकडे बघतो."

शामटेने पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्याच्या घशाला कोरड पडली होती आणि पाणी तिथेच राहिलं. रोज दुपारी, दार किलकिलं, निळा पेला, काठोकाठ. एक घोटसुद्धा कमी नसायचा. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि ती लपवायला ह्या वेळी ओटा नव्हता.

तेवढ्यात पुढच्या बाजूला फटफटी येऊन थांबली आणि दारावर धपाधप थापा पडल्या. "रिझिकीचे बाबा! अहो!" आवाज रडून रडून बसलेला.

शामटे लंगडत गेला आणि कडी काढली. झुवेना दारात उभी होती. फटफटीच्या वाऱ्याने बुरखा एका बाजूला गेलेला, डोळे सुजलेले, अंगावर धूळ. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दाढीतलं खोबरं पाहिलं. खोचलेली लुंगी पाहिली. बोटावरची चिंधी पाहिली. मागे उभे असलेले तिघे पाहिले. मकामेच्या हातात पळी होती, ती त्याने पाठीमागे नेली.

"मेला नाहीत?" ती म्हणाली.

"नाही."

"मग मला ह्या वयात फटफटीवर कशाला बसवलंत? अख्ख्या रस्त्याने ऊर बडवत आले मी. तो पोरगा म्हणत होता, आजी, बडवायचं थांबवा, तोल जातोय."

"मी कुठे सांगितलं कुणाला, की..."

"तुम्ही कशाला सांगाल? तुम्ही नुसते बसलेले असाल."

उस्सीला ठसका लागला. झुवेना घरात आली नाही. ती वळली, ओट्यावर गेली आणि नेमकी शामटेच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून बसली. त्या ओट्यावर बाई बसल्याचं वेतेने पाहिलं नव्हतं. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली, मग चार.

शामटेला कळलं की ती कोंडेला परत जाऊ शकते. फटफटी अजून चालू होती. आणि कळलं, की डबा नाही, निरोप नाही, हुशारी नाही, आता त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलं असेल तर ते हातातल्या पेल्यात आहे. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"घे."

"काय आहे?"

"पाणी. मी फोडला. निम्मं सांडलं."

"ज्याने खवलं त्याचं असतं ते."

"माहीत आहे," शामटे म्हणाला. "आज कळलं." तिघे दोस्त ऐकत होते, खिडक्या ऐकत होत्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. "रिझिकीची आई, नुसतं बसून पाय खरंच आखडतात गं. माझं चुकलं."

झुवेनाने पेला घेतला. आत पाहिलं, तरंगणारा काथ्याचा धागा दोन बोटांनी काढून टाकला, आणि सगळ्यांदेखत, घाई न करता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मकामे, उस्सी आणि फकी ह्या वेळी समुद्राकडे बघत नव्हते.

"गोड आहे," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चाखलं तरी तिने तोंडावर काही दाखवलं नाही. मग नाक वर करून तिने वास घेतला. "काय जळतंय?"

"भात," फकी म्हणाला.

"भात!" मकामे ओरडला आणि पळी घेऊन आत पळाला. त्याच्यामागे उस्सी.

झुवेनाने फटफटीवाल्या पोराला हातानेच जा म्हणून सांगितलं. मग ती उठली, बुरखा झटकला, उंबऱ्यापाशी चपला काढल्या. "तो भात कोंबड्यांना घाला. दुसरा नारळ घ्या, बसा बकरीवर. मी सांगते तसं करा." शामटे मुकाट्याने मागोमाग आत शिरला आणि सवयीने कडी लावायला वळला.

"कडी नको," ती म्हणाली. "दार सताड उघडं राहू दे. आवाज जाऊ दे जरा गल्लीत."